दादाने सोडलेलं कारलं

माझ्या थोरल्या भावाने गंगेला फसवलं. त्याची भरपाई आईने केली, अकरा वर्षं, रोज सकाळ-संध्याकाळ. गावाकडे मात्र दादाला आजही उदार म्हणतात. म्हणून हे लिहितो आहे.

मी काशीत आलो तो अंगावरच्या कपड्यांनिशी. डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन गल्ल्या फिरलो, मग तांब्यापितळेचं दुकान टाकलं. घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेत नाही. वडील गेले तेव्हा दादा आणि आई साताऱ्याहून अस्थी घेऊन माझ्याकडे आले. विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रामघाटावर आमच्या गुरुजींनी विचारलं, "आता काशीत काय सोडणार?"

ही आपल्याकडची जुनी रीत. काशीला आलं की आवडीची एखादी वस्तू जन्मभरासाठी सोडायची. दादाचं तर आधीच ठरलेलं होतं. त्याची मुलगी टायफॉइडने अंथरुणाला खिळली तेव्हा तो नवस बोलला होता, पोरगी उठली तर काशीत चहा सोडीन. पोरगी उठली, शाळेत जायला लागली.

दादाने हातावर पाणी घेतलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "कारलं."

मला हसू फुटलं. "दादा, ताटात कारलं दिसलं तर तू पानावरून उठतोस!"

"तू गप रे. हे तुझं दुकान नाही."

आईने पदर सावरून हात पुढे केला. "गुरुजी, माझ्या हातावर पाणी घाला. नवस याचा आहे, चहा मी सोडते."

"अगं आई, तुझा चहा?" मी म्हणालो.

"नातीच्या जिवासाठी बोललेलं आहे. अर्धवट ठेवायचं नाही."

चहाशिवाय आईला दुसरा शौक नव्हता. सगळ्या संसारात तिने स्वतःसाठी धरून ठेवलेली तेवढी एकच गोष्ट. गुरुजींनी पाणी घातलं. आम्ही पायऱ्या चढून वर आलो आणि पहिल्याच टपरीवर दादाने चहाचा कुल्हड हातात घेतला. आईसमोर. फुंकर मारून प्यायला.

दादा परत गेला, आई काशीवासासाठी माझ्याकडे राहिली. रोज सकाळी बायको चहा टाकायची तेव्हा आई उठून सज्जात जाऊन बसायची. थंडीत खोकल्याने हैराण झाली तेव्हा मी गुरुजींना गाठलं. सवयीप्रमाणे घासाघीस केली. आलं घालून चालेल? अर्धा कप? औषध म्हणून? शेवटी ते वैतागून म्हणाले, "औषध म्हणून द्या हो!"

मी धावत घरी आलो, आल्याचा चहा करून कप आईपुढे धरला. "आई, गुरुजींनी सूट दिली."

"तू मागितलीस म्हणून दिली. मी कुठे मागितली होती?"

"अगं, पण ज्याने सोडायचा तो तिकडे दिवसाला चार कप पितो!"

"पिऊ दे. देताना भाव करायचा नसतो. तो तुझ्या दुकानात कर."

मी कप मोरीत ओतला, रागाने. ती खोकत राहिली, पण तिच्या चेहऱ्यावर कसलीच कुरकुर नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग आला. आजही येतो. देणारा इतका निमूट असला की फसवणाऱ्याचं फावतं. आईचं देणं खरं होतं हे मला मान्य आहे. पण ते दादाच्या नावावर जमा व्हावं, हे मला मान्य नाही.

आई गेली. आता दर वर्षी तिच्या श्राद्धाच्या दिवशी दादा साताऱ्यात देवळाबाहेर मोफत चहा वाटतो. आईच्या स्मरणार्थ! लोक पितात आणि म्हणतात, केवढं मोठं मन. फोटोसकट त्याने मला पत्र पाठवलं. फोटोत मागे आईची तसबीर, तिला हार, आणि समोर वाफाळणारं पातेलं.

त्या दिवशी घाटावर मी हसलो, पण आईच्या आधी माझा हात पुढे आला नाही. याचा जाब मला कुणी विचारला तर मी देईन. पण पहिली पाळी थोरल्याची.

दादा, रामघाटाची ती पायरी तिथेच आहे. गुरुजी थकलेत, पण अजून बसतात. ये. हातावर पाणी घे आणि चार माणसांदेखत सांग, आईने काय सोडलं, कुणाच्या वाटचं सोडलं, आणि तू काय सोडलंस?