सातवी मागणी मी काढली

“काय रे, सगळीकडे तुझाच अंगठा का?”

आप्पासाहेब असं म्हणाले आणि दालनातले सगळे हसले. कचेरीचे मोठे साहेब हसले, आमच्या शिष्टमंडळातले तिघे निवृत्त अधिकारी हसले. मीही हसलो. सगळ्यात जोरात मीच. अकरा वर्षं शिपाई आणि बावीस वर्षं कारकून, एवढ्या नोकरीत एक गोष्ट पक्की शिकलो होतो. साहेबाने विनोद केला की आधी हसायचं, तो कळला का ते मग बघायचं.

या वेळी कळला. हसणं अर्ध्यावर असताना कळला.

मोठ्या साहेबांच्या हातात आमचं निवेदन होतं आणि त्याला जोडलेले तीन कागद. त्यांवर चाळीस निळे डाग आणि खाली एक सही. अंगठ्याला रेषा असतात. या अंगठ्यांना नव्हत्या, नुसते शाईचे गोळे. काजूबी फोडताना सालीतलं तेल बोटांना लागतं. कातडी जळते, सोलते, नवी येते, तीही जळते. तीस वर्षं असं चाललं की बोट गुळगुळीत होतं. लांज्याजवळच्या आमच्या वाडीत हे कुणाला सांगावं लागत नाही. साहेबांना मात्र वाटलं, कुणीतरी एकानेच बसून चाळीस वेळा बोट टेकवलंय. तसं त्यांनी विचारलं, आणि आप्पासाहेबांनी तो विनोद माझ्या अंगावर ढकलला.

तिथेच तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. पण माझा मोठा गुन्हा त्याआधी आठ दिवसांचा आहे. तो मी घरी बसून, दोन बोटांनी टाईप करून केला.

आप्पासाहेब आमच्या निवृत्तांच्या संघटनेचे अध्यक्ष. मोठ्या हुद्द्यावरून उतरलेले, वरच्या आळीतले. संघटनेत मी कधी सभासद झालो आणि कधी पुन्हा शिपाई झालो, मला कळलं नाही. सभा असली की ते म्हणत, “तू आतला माणूस, तू पाण्याचं बघ.” आणि मी, साठी उलटलेला, पेन्शन घेणारा, वर्गणी भरलेला माणूस, स्टीलचे पेले विसळत बसायचो. अपमान वाटायचा का? छे. मला ‘आतला माणूस’ म्हटल्याचा अभिमान वाटायचा. बायकोला येऊन सांगायचो. ती म्हणायची, “आत म्हंजे मोरीत काय?”

या वर्षी धरणं धरायचं ठरलं. फलक रंगवला, ‘म्हातारपण सर्वांना, पेन्शन सर्वांना’. पण सर्व कुठून आणायचे? आप्पासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तुझ्या वाडीतल्या बायका आण. चाळीसेक आल्या तर बरं दिसेल.”

मी गेलो. बुद्धविहाराच्या पडवीत बायका जमल्या. सगळ्या काजूच्या कारखान्यात जन्म घालवलेल्या. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांची नावं कधी नव्हतीच, त्यामुळे आता काम केल्याचा पुरावा नाही आणि पेन्शनही नाही. पुढे माझी थोरली बहीण, आक्का. ती चौथीत शाळा सोडून कारखान्यात गेली. तिच्या वाटणीची शाळा मी शिकलो, असं ती म्हणते. मी ऐकू न आल्यासारखं करतो.

“बाबू,” आक्का म्हणाली, “आमचा कायतरी लिवणार हायस, का नुसता गर्दीला नेतंस?”

“आक्का, मी आतला माणूस हाय,” मी म्हणालो. खरंच म्हणालो असं.

तिथेच संघटनेच्या सहा मागण्यांखाली सातवी लिहिली. हजेरीपटावर नाव नसलेल्या काजू कामगार बायकांना म्हातारपणी दरमहा पेन्शन मिळावी. बायकांनी अंगठे उठवले. आक्काने सही केली. तिला वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेबांनी मसुदा वाचला आणि सातव्या मागणीवर लाल रेघ ओढली.

“आपला प्रश्न नियमाचा आहे,” ते म्हणाले. “हा दयेचा. मिसळलं की आपलं पातळ होतं.”

“आणि अंगठे?”

“ते राहू देत. संख्या दिसते.”

मी काहीतरी बोलणार होतो. बोललो असतो असं अजून स्वतःला सांगतो. तेवढ्यात ते म्हणाले, “शिष्टमंडळात पाचवा तू ये.”

ज्या दालनात मी अकरा वर्षं चहाचा ट्रे नेला, तिथे खुर्चीत बसायचं होतं. माझं डोकं फिरलं. घरी आलो, संगणक उघडला, सातवी मागणी निवडली आणि डिलीट मारलं. मग सहा ओळी नीट मधोमध आणल्या, समास सारखे केले. कागद फार देखणा झाला. शर्ट इस्त्रीला टाकला.

धरण्याच्या दिवशी निवृत्त मंडळी मांडवात खुर्च्यांवर बसली. बायका एसटीने आल्या आणि कंपाउंडच्या भिंतीला टेकून उन्हात बसल्या. घोषणा त्यांच्याच मोठ्या होत्या. मी आत गेलो. खुर्चीच्या कडेवर बसलो, पाठ टेकवायचा धीर झाला नाही. आणि मग तो अंगठ्यांचा विनोद झाला.

हसू ओसरल्यावर साहेबांनी सरळ विचारलं, “या बायकांची मागणी यात कुठली?”

“सर्वांना पेन्शन, साहेब. सगळ्यांचीच मागणी,” आप्पासाहेब म्हणाले.

“पण इथे तसं काही लिहिलेलं नाही.”

भिंतीपलीकडून घोषणा ऐकू येत होती. त्यात आक्काचा आवाज वेगळा ओळखू येत होता. जी ओळ कागदावर नव्हती, तीच ती घसा फोडून मागत होती.

मी उठलो. “साहेब, ती मागणी होती. मी काढली. टाईप मी केलं. ते अंगठे खोटे नाहीत, काजूच्या तेलाने जळलेत. ते कागद मला परत द्या.”

“बस खाली,” आप्पासाहेब म्हणाले.

“बसायला मिळावं म्हणूनच हे झालं, आप्पासाहेब.”

साहेबांनी कागद पुढे केले. मी टाचणी काढली. दाराशी पोचलो तेव्हा मागून आप्पासाहेबांचा आवाज आला, “शेवटी आपल्या वळणावर गेलास.” गेलो खरा. फार उशिरा गेलो.

बाहेर येऊन आक्कासमोर उभा राहिलो. सांगितलं.

“वाच,” ती म्हणाली.

खिशातल्या प्रतीवरून सहाही मागण्या वाचल्या.

“आमची कुठं हाय?”

“काढली.”

“कुनी?”

“मी.”

“कशापायी?”

“खुर्चीपायी.”

 शेजारच्या सुमनवैनीने विचारलं, “मऊ होती का रं?”

कुणी हसलं नाही. माझ्या तोंडाशी उत्तर आलं होतं, जन्मभर येतं तसं. गिळलं. बायका उठल्या, लुगड्यांची धूळ झटकली आणि स्टँडकडे चालू लागल्या. त्याच गाडीत मी उभा होतो. जागा होती. आक्काने मान वळवली नाही.

पंधरा दिवसांनी तिने निरोप धाडला. पडवीत बायका बसल्या होत्या. आक्का म्हणाली, “लिव. पर आमी सांगू तेवढाच. वाचून दावल्याबिगर सई नाय. आनि कागद आमीच न्हेनार.”

सुमनवैनीने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं. आमची नावं हजेरीपटावर नाहीत. आमच्या बोटांवर रेषा नाहीत. हाच कामाचा पुरावा धरा.

तेहतीस वर्षं सरकारी कागद लिहिले. असं वाक्य मला सुचलं नसतं.

तो कागद त्यांनी लांज्याला नेऊन दिला. उत्तर आलेलं नाही. दर सोमवारी त्या कचेरीसमोर बसतात. मी बसतो. मला बोलायची परवानगी नाही.

संघटनेच्या सभेलाही गेलो. पेले विसळले नाहीत. उभा राहून म्हणालो की सातवी मागणी अध्यक्षांनी खोडली आणि मी पुसली, हे इतिवृत्तात लिहा. विषयपत्रिकेवर नाही, असं उत्तर मिळालं. पुढच्या सभेत पुन्हा सांगेन. त्याच्या पुढच्याही. लिहीपर्यंत.

माझी पेन्शन एक तारखेला जमा होते. ती हक्काची आहे, सोडणार नाही. पण आक्काचा हक्क दया म्हणून मोजला जातोय, तोवर कुणाच्याही निवेदनावर गर्दी म्हणून माझं नाव जाणार नाही आणि माझ्या हातून कुणाचं जाणार नाही.

आक्काने मला माफ केलेलं नाही. मी माफी मागितलेली नाही. माफी मिळाली की माणूस सुटतो आणि घरी जातो. मला घरी जायचं नाही. तिची पेन्शन मंजूर होईस्तोवर मी बायकांच्या ओळीत बसणार आहे.