काचेखालचा वीर

होळीसाठी कपाटातून देवांचं लाल कापड काढलं, की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मला धुळ्याचं ते वस्तुसंग्रहालय आठवतं. शिरपूरहून आत्याला डोळे दाखवायला आणलं होतं; डॉक्टर यायला वेळ होता, म्हणून ऊन टाळायला आम्ही तिथे शिरलो. आत गार अंधार, पंख्याची कुरकुर, हाच वास, आणि काचेखाली रोमची जुनी चांदीची नाणी, प्रत्येकावर कुणा राजाचा चेहरा. आत्या एका झिजलेल्या नाण्यापाशी थबकली. आमच्याकडे घरातलं कुणी अकाली गेलं, की त्याच्या नावाचा चांदीचा टाक करून देवांत बसवतात, त्याला वीर म्हणतात. तिचा तरणा मुलगाही असाच वीर होऊन बसला होता. "भाऊ, हाऊ कोन्हा वीर शे?" तिनं पहारेकऱ्याला विचारलं. "वीर नाही अक्का, रोमचा बादशहा आहे." "व्हई बादशा. पन याले आठे निवद कोन देस?" बादशहाला इथे नैवेद्य कोण दाखवणार, म्हणून तो हसला, मीही हसलो. दारापर्यंत आलेली आत्या एकदम मागे वळली. "हाक मारी राहिना तो," ती म्हणाली, "मना पोऱ्यासारखा." मला तर कुणाची हाक नाही, पंखाच ऐकू येत होता. तिनं पदराच्या गाठीतला गुळाचा खडा सोडून काचेवर ठेवला; पहारेकऱ्यानं तो उचलला नाही. पुढे आत्या वारली आणि तिचा वीर माझ्या देव्हाऱ्यात आला. होळीला त्याच्यापुढे मी पुरणपोळी ठेवतो, आणि शेजारच्या मोकळ्या जागेपुढे दुसरी. ही कुणाची, असं बायको दरवर्षी विचारते. मी उठून पंखा बंद करतो आणि ऐकत बसतो.