मोटारशेडचं दार

मला मोटारीतलं ओ का ठो कळत नव्हतं, आणि कळत नाही हे कबूल करायचीही माझी तयारी नव्हती. माहेरी पुण्यात आमच्याकडे तीन सायकली होत्या, बस्स. लग्न होऊन मद्रासला आले तर सासरचं घर तिरुवान्मियूरला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आणि घराला चिकटून मोटारीची शेड. आत कुणा निवृत्त साहेबाकडून घेतलेली काळी, जुनी गाडी. घरच्यांना तिचा कोण अभिमान! मला मात्र ती पहिल्या दिवसापासून खायला उठायची.

काय काय वाटायचं मला. पेट्रोलची टाकी म्हणजे बाँब, म्हणून शेडच्या बाजूच्या खिडकीत मी कधी निरांजनसुद्धा ठेवलं नाही. किल्ली लटकत राहिली तर गाडी आपली आपण सुरू होईल, असंही वाटायचं. आणि सगळ्यात पक्कं काय, तर इंजिन चालू म्हणजे गाडी निघालीच. गिअर नसला की ती जागची हलत नाही, हे नवऱ्यानं मला दहा वेळा तरी समजावलं असेल. मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, घरघरतेय ना, मग जाणारच कुठेतरी.

गाडी चालवायचा तो नवराच, तीही फक्त रविवारी. बाकीचे सहा दिवस तिची देखभाल सासऱ्यांकडे. ते बँकेतून निवृत्त झालेले, तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले. सात-आठ पिढ्या तिकडे काढल्यामुळे त्यांची मराठी माझ्या कानाला आधी मजेशीरच वाटली. ‘मी केलं’ न म्हणता ते ‘मी केलों’ म्हणायचे, आणि मधेमधे तमिळ शब्द इतके सहज यायचे की ते तमिळ आहेत हे त्यांच्या लक्षातही नसे. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणत, मीही अप्पाच म्हणायची. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. पण रोज सकाळी पाव तास इंजिन सुरू ठेवलं नाही तर बॅटरी मरते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. झालं, तेवढा पाव तास ते देवपूजेसारखा पाळायचे.

माझी लेक पाच वर्षांची झाली तेव्हापासून त्या पाव तासाला त्यांच्या शेजारी बसू लागली. दोघं मिळून बसल्या जागी तंजावरला जायचे. आजोबांना ती तमिळ पोरांसारखी ताता म्हणायची; ताता कुठलं कुठलं गाव आलं ते सांगायचे आणि ती खिडकीतून शेडच्या भिंतीकडे बघत हात हलवायची. मी स्वयंपाकघरात जीव मुठीत धरून उभी. इंजिनाचा आवाज थांबेपर्यंत माझ्या हातून धड एक इडलीपात्र उतरत नसे.

आणि एका सकाळी गाडीनं खरंच उडी मारली. आदल्याच दिवशी, रविवारी, नवऱ्यानं ती गिअरमध्येच ठेवली होती, आणि अप्पांनी न बघता किल्ली फिरवली. वीतभर पुढे आली असेल, जास्त नाही. पण शेडचं दार सताड उघडं होतं, दारापासून रस्ता उताराचा, आणि नेमकी तेव्हाच समोरून पाण्याची लॉरी गेली. लेक टाळ्या पिटत होती. मी धावत जाऊन तिला गाडीतून उचललं.

त्या दिवशी मी अप्पांना निक्षून सांगितलं, की यापुढे पोरगी गाडीत असेल तर शेडचं दार बंद पाहिजे. ते जरा घुटमळले. म्हणाले, आत धूर कोंडेल. त्यावर मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं.

“धूर दिसतो तरी का हो, अप्पा? लॉरीसारखा काळा थोडाच आहे आपला?”

काळा तो वाईट धूर आणि दिसत नाही तो चांगला, अशी माझी अक्कल. स्वयंपाकघरात चुलीचा धूर डोळ्यांत जातो, ठसका लागतो, म्हणजे धूर कळतोच, असंच मी धरून चालले होते. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

रविवारी नवऱ्याला दाराचं कळलं तेव्हा त्यानं विचारलं, हे काय नवीन? मी घाबरते म्हटलं असतं तर त्याची हसून हसून मुरकुंडी वळली असती, त्यानं चार घरी सांगितलंही असतं. मी भाजी चिरत राहिले. अप्पाच म्हणाले, की मेकॅनिकनं नुकतंच तेल बदललंय, इंजिन गरम होतं, त्याला समुद्राचा वारा लागू नये. आमच्याकडे शनिवारी अभ्यंग असे. डोक्यावर तेल थापून कढत पाण्यानं न्हायलं की दुपारपर्यंत वाऱ्यात उभं राहायचं नाही, हा घरचा कडक नियम. अप्पांनी तोच मोटारीला लावला. नवरा हसला तो त्यांना हसला. त्यांचा त्यावर खरोखर विश्वास होता की मला वाचवायला त्यांनी ते तिथल्या तिथे रचलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत अप्पांचं डोकं दुखायला लागलं. सकाळी सकाळीच दुखायचं, दुपारी उतरायचं. आम्ही म्हटलं पित्त. लेकीला दोनदा शाळेत जायच्या आधी उलटी झाली. मी म्हटलं रात्रीचं दही. मी अप्पांना कपाळाला लावायला सुंठ उगाळून दिली, लेकीची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, अप्पांचे डोळे तपासून आणले. रविवारी दोघांनाही काही होत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

नोव्हेंबरात वादळ आलं. तीन दिवस पाऊस झोडपत होता, शाळा बंद. शेडच्या दाराखालून पाणी आत येऊ लागलं तेव्हा मी स्वतः दोन गोणपाटं घडी करून त्या फटीत कोंबली. अंगणाकडून शेडमध्ये जायला एक छोटं दार होतं, तिथेही एक कोंबलं. चौथ्या दिवशी सकाळी पावसाचा जोर जरा कमी झाला. तीन दिवस इंजिन सुरू केलं नव्हतं, म्हणून अप्पांना घोर लागलेला. आज जरा जास्त वेळ ठेवतो म्हणाले. लेक घरात बसून कंटाळली होती, तीही त्यांच्यामागे पळाली.

मी ओल्या कपड्यांच्या मागे होते. घरभर दोऱ्या बांधलेल्या. मधेच कुकर लावला, त्याच्या शिट्ट्या झाल्या, तो उतरवला. भिंतीपलीकडे इंजिनाची घरघर सुरूच होती. बराच वेळ झाला, असं एकदा मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं: दार बंद आहे, मग काय काळजी? हो, अगदी असंच. त्या घरात आल्यापासून इंजिन चालू असताना मी पहिल्यांदाच निर्धास्त होते.

अप्पांची कॉफीची वेळ टळली तेव्हा मी टंबलर घेऊन अंगणातून गेले. छोट्या दारावर थाप मारली, हाक मारली. उत्तर नाही. दार ढकललं तर गोणपाटामुळे अडलं. खांदा लावला तेव्हा उघडलं. आत धूर नव्हता. अगदी स्वच्छ दिसत होतं सगळं. अप्पांचं कपाळ स्टिअरिंगवर टेकलेलं. लेक सीटवर अंगाचं मुटकुळं करून पडलेली, गाल लालबुंद. इतकी छान दिसत होती की क्षणभर मला वाटलं, दोघांना डुलकी लागली. मी तिला हलवलं तर तिची मान भलतीकडेच कलंडली.

टंबलर कुठे पडलं कोण जाणे. तिला उचलून मी अंगणात आणलं आणि पावसात, ओल्या वाळूवर ठेवलं. तिला गदागदा हलवत होते, नावानं ओरडत होते, आणि ती काही केल्या डोळे उघडेना. मग तिनं उलटी केली. उलटी झाली म्हणजे जिवंत आहे, एवढंच मला समजलं. तिला कुशीवर वळवून मी परत आत धावले. अप्पा जड, माझ्यानं हलेनात. माझं डोकं आता गरगरायला लागलं होतं. आणि समोर ती किल्ली. इंजिन चालूच होतं, ती किल्ली फिरवली की बंद होतं, एवढं मी रोज पाहिलेलं होतं. पण हात पुढे होईना. उलटी फिरवली तर गाडी सुटेल, भडका उडेल, अप्पांसकट दारावर जाऊन आपटेल, असं काहीबाही डोक्यात. सासरा डोळ्यांदेखत चाललाय आणि मी किल्लीला घाबरून उभी! लाज वाटते सांगायला, पण तशी मी उभी होते.

शेवटी रस्त्याकडच्या दाराचा अडसर काढला, गोणपाटं लाथेनं बाजूला सारली आणि बोंब ठोकली. समोर एक शाळामास्तर राहायचे. ते लुंगी सावरत धावत आले, एका हातानं किल्ली बंद केली आणि अप्पांना काखेत धरून बाहेर ओढलं. रिक्षा त्यांनीच आणली. वाटेत रस्त्यावर गुडघाभर पाणी, रिक्षा दोनदा बंद पडली. लेक माझ्या मांडीवर, अप्पांचं डोकं मास्तरांच्या खांद्यावर. मी तिच्या नाकापुढे बोट धरून बसले होते, आणि वारा जोराचा असल्यामुळे तिचा श्वास कोणता ते कळत नव्हतं.

इस्पितळात दोघांना ऑक्सिजन लावला. लेकीनं तासाभरानं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तेव्हा मी भिंतीला टेकून खाली बसले ते कुणीतरी उठवलं तेव्हाच उठले. अप्पांना शुद्ध यायला संध्याकाळ झाली. तोवर नवरा ऑफिसातून आला होता. डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं, की मोटारीच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि बंद खोलीत तो माणसाला झोपेतच नेतो. अजून दहा मिनिटं गेली असती तर दोघंही हाताला लागले नसते. मग त्यांनी साहजिकच विचारलं, इंजिन चालू असताना दार कुणी लावलं होतं?

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि मी लेकीचं पांघरूण सारखं करू लागले. तेवढ्यात खाटेवरून अप्पांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

“दार मीच लावलों,” ते म्हणाले. “इंजिनाला वारा लागू नये म्हणून.”

नवरा बापाशी कधी चढ्या आवाजात बोललेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी वॉर्डभर ऐकू जाईल असा बोलला. अप्पा पांघरुणाच्या टोकाशी चाळा करत ऐकून घेत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

गाडी महिन्याभरात विकली. त्याचं कुणालाच फारसं वाईट वाटलं नाही. पण वर्षभर नवऱ्यानं लेकीला अप्पांबरोबर एकटं कुठेही जाऊ दिलं नाही. शाळेच्या बसपर्यंत नाही, समोरच्या दुकानात नाही. ती ताता ताता करत त्यांचं धोतर ओढायची आणि ते म्हणायचे, तुझ्या बाबाला विचार. एकदा मला राहवेना, मी त्यांना म्हटलं की आज रात्री मी सगळं सांगून टाकते. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, की आता सांगून काय मिळणार, पोरगी बरी आहे ना. आणि मी, भित्री बाई, तेवढ्यावर सुटले.

पुढे वर्षं गेली तशी भीती विरली आणि गोष्टीचा विनोद झाला. आमच्या अप्पांनी मोटारीला अभ्यंग घातलं, वाऱ्यापासून जपलं, अशी नवरा लग्नामुंजीत गोष्ट सांगायचा आणि पाहुणे पोट धरून हसायचे. अप्पाही त्यांच्याबरोबर हसायचे. मी प्रत्येक वेळी काहीतरी काम काढून आत जायची.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुतण्याचा साखरपुडा झाला. लेक तेव्हा कॉलेजात होती. तिथेही नवऱ्यानं मोटारीची गोष्ट काढली. अप्पांना नीट ऐकू येत नव्हतं, पण गोष्ट कुठली चाललीय हे त्यांना लोकांच्या चेहऱ्यांवरून कळलं आणि ते जागच्या जागी हसायला तयार होऊन बसले. ते मला बघवलं नाही. हातातलं ताट खाली ठेवून मी मोठ्यानं म्हटलं, “दार मी लावायला लावलं होतं. ते नको म्हणत होते. गोणपाटंही मीच कोंबली.”

लेकीनं अप्पांच्या कानाशी वाकून मी काय म्हणाले ते सांगितलं. त्यांनी मान हलवली.

“तिला आठवत नाही,” ते म्हणाले. “दार मीच लावलों.”

नवरा हसला आणि गोष्ट राहिली होती तिथून पुढे सांगायला लागला. माझी चुलतसासू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, सासऱ्याची चूक अंगावर घेणारी सून हल्ली कुठे बघायला मिळते? दोघीतिघींनी माना डोलावल्या. मी ताट उचललं आणि पंगतीत लाडू वाढायला गेले.