दमट तळहात

माणसाला दोन मिनिटं सुखाने बसू न देण्यात इतका तरबेज माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये दुसरा नसेल, आणि तो नेमका माझ्या मावशीने लग्न करून आमच्या घरात आणला. काकांनी उभा जन्म कंपनीत नव्या गाड्या चालवून तपासल्या. निवृत्त झाल्यावर ते माणसं तपासू लागले. त्यांचं माप एकच, तळहात. घामाने ओले असतील तर काम झेपत नाही, कोरडे असतील तर वेळ फुकट चाललाय. हात नुसते दमट हवेत. शेजारच्या मुलाने गणितं सोडवली की आधी त्याचे हात बघायचे, उत्तरं नंतर. मावशीने एकदा ‘घ्या, माझे बघा’ म्हणत कणकेचे हात त्यांच्या शर्टाला पुसले, तरी सुधारले नाहीत.

मला चाकणला नोकरी लागली. कंपनीची बस आमच्या पिंपळे गुरवला येत नव्हती आणि आईचं म्हणणं, गाडी चालवता येत नसेल तर नोकरीला नाही म्हण. म्हणून मी काकांकडे गेले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जरा जमायला लागलं, जरा बरं वाटायला लागलं, की ‘कोरडे झाले’ म्हणून हा माणूस मला चिखलीत वर्कशॉपच्या गल्लीत, माल उतरवणाऱ्या टेम्पोंच्या मधोमध नेऊन सोडायचा. तिथे हात निथळले की पुन्हा पार्किंग. मी कुणाला उलट बोलत नाही. मनातल्या मनात मात्र इंग्रजीतून पुष्कळ बोलले.

एकदा चाकणच्या वाटेवर पुलाच्या चढावर गाडी बंद पडली. मागे कंटेनर, त्याचा न थांबणारा हॉर्न. काका खिडकीबाहेर बघत शेंगदाणे खात होते.

“काका, काहीतरी सांगा ना.”

“येतंय तुला.”

“नाही येत. मजा वाटते का तुम्हाला माझी?” आयुष्यात पहिल्यांदा मी कुणावर ओरडले, आणि त्याच रागात गाडी वर काढली.

पूल उतरल्यावर ते म्हणाले, “हात.” दमट होते. त्यांच्या मुठीतली शेंगदाण्यांची पुडी मात्र घामाने भिजून फाटली होती.

आता मी रोज चाकणला जाते. मागे एकदा काका शेजारी बसले होते. तोच पूल उतरल्यावर त्यांनी सवयीने हात मागितला. ठणठणीत कोरडा. आता हे कुठल्या गल्लीत घालतायत, याची मी वाट बघत राहिले.

“झालं बाई तुझं,” ते म्हणाले आणि डोळे मिटून मागे टेकले.

मला त्यांचा इतका राग तोवर कधीच आला नव्हता.