फिरायला गेलेली क्रिस

जावातल्या सोलो शहराच्या जुन्या संग्रहालयात कार्सोनोमामा राखणदार होता. वर्षाच्या पहिल्या, सुरो महिन्यात तिथल्या क्रिस कट्यारी धुवायचा मान त्याचाच. लिंबाच्या रसाने तो पाती चोळायचा आणि ते काळपट पाणी न्यायला लोक बाटल्या घेऊन उभे राहायचे. संचालक सुवांदीसाहेबसुद्धा बोट बुडवून कपाळाला लावायचे.

एका सकाळी त्याने पेटी उघडली. म्यान होतं, सर्वांत जुनी नागमोडी क्रिस नव्हती. दुसऱ्या कुणीही आरडाओरडा केला असता. मामाने पेटी मिटली. आमच्याकडे रुसलेली क्रिस आपणहून बाहेर पडते आणि गाजावाजा केला नाही तर परतते, हे मूलही जाणतं. त्याने चाफा वाहिला, धूप लावला, उपास धरला आणि तो गप्प राहिला. शुक्रवारी पाहुण्यांना दाखवायला साहेबांनीच पेटी उघडली.

"म्हणजे क्रिस फिरायला गेली होती," चौकशीला आलेला फौजदार म्हणाला. "जेवायला येणार होती की परस्पर झोपायलाच?"

"अडाणी माणूस आहे, साहेब," सुवांदी हसले. "आम्ही दयेपोटी ठेवलेला."

मामा त्यांच्या कपाळाकडे बघत राहिला, असं तिथला शिपाई पुढे सांगायचा.

कोठडीतून तो सुटला तेव्हा उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. पुरावा नव्हता आणि चोरही कधी सापडला नाही. नोकरी गेली. बाजारात सोयाबीनचं टेंपे विकणाऱ्या बायका विचारायच्या, "काय कार्सोनो, आली का हो तुमची फिरून?" तो खाली बघून उरलंसुरलं विकत घ्यायचा.

ते त्याला सोसलं. सोसलं नाही ते घरातलं.

"केलंत ते केलंत," पाइनेममामी ताट सरकवत म्हणायची, "निदान छपरावर कौलं तरी घालायची."

"मी नाही घेतली गं."

"मग कुणी? भुताने?"

सुरुवातीला तो कुराणावर हात ठेवायचा. पुढे नुसता जेवायचा. जगाने काहीही म्हणावं, हिने एकदा तरी "बरं" म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

मामाच्या शेवटच्या दुखण्यात मामीने आम्हा भाच्यांना बाहेर घालवलं. भिंत बांबूच्या तट्ट्याची. सगळं ऐकू येत होतं.

"आता तरी सांगा. मला एकटीला. कुठे पुरलीत?"

"माझ्याकडे नव्हतीच गं, पाइनेम." आवाज उरला नव्हता. "तू तरी खरं मान."

ती म्हणाली, "मरतानाही खोटं."

त्याचे डोळे तिनेच मिटले.

तिसऱ्या दिवसाचं जेवण झालं, शेजारीपाजारी केळीच्या पानातला प्रसाद घेऊन गेले. मामीने चटया गुंडाळल्या आणि चुलीमागची जमीन खणायला घेतली. मग खाटेखालची. मग मोरीजवळची. आम्ही कुणी अडवलं नाही. खरं सांगायचं तर आम्हीही वाकून बघत होतो.

काही निघालं नाही. खड्ड्याच्या काठावर बसून तिने पदराने मान पुसली.

"पक्का माणूस," ती म्हणाली. "कुणाला पत्ता लागू दिला नाही."