नारिंगी स्टिकर

"तुम्ही मराठी आहात ना?" फोनवरच्या मुलीने विचारलं. तीन दिवसांत तिच्या गाडीला दंडाची तीन तिकिटं लागली होती. मी इंग्रजीत उत्तर दिलं, "मॅडम, रिव्ह्यूचा अर्ज ऑनलाइन भरा." शेजारच्या टेबलावर माझा मॅनेजर डॅरेन बसला होता. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर तो भित्रेपणा होता.

मी क्वीन्सलंडमधल्या एका शहराच्या काउन्सिलमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेत, पार्किंग परमिटचं काम बघतो. हॉस्पिटलच्या आसपासच्या रस्त्यांवर दोन तासांपेक्षा जास्त वेळ गाडी लावायची तर काचेवर आमचा निळा स्टिकर लागतो. तो फक्त तिथल्या रहिवाशांना मिळतो आणि गाडीची रेगो, म्हणजे नोंदणी, त्याच पत्त्यावर असावी लागते. फोनवरची ती मुलगी, सायली, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कोविडचे नमुने तपासायची. शिक्षण मेलबर्नच्या क्लेटन भागात झालेलं, गाडी तिथेच घेतलेली. राज्यांच्या सीमा बंद व्हायच्या थोडं आधी ती नोकरीसाठी इकडे आली. रेगो बदलायला अपॉइंटमेंट मिळेना. त्यामुळे बाई इथली आणि नंबर प्लेट व्हिक्टोरियाची, म्हणजे मेलबर्नच्या राज्याची.

मेलबर्नमध्ये साथ जोरात होती. आमच्याकडे रोज फोन यायचे, "आमच्या रस्त्यावर व्हिक्टोरियाची गाडी उभी आहे." पार्किंगचं नाव कुणी काढत नव्हतं. एका आजीबाईंनी तर विचारलं, गाडीच्या हँडलवरून व्हायरस येतो का? मी हसलो नाही. मीसुद्धा घरी दुधाची बाटली साबणाने धूत होतो.

मग मला एक शक्कल सुचली. अशा गाड्यांसाठी वेगळ्या रंगाचा तात्पुरता स्टिकर काढायचा. भाडेकरार दाखवा, नारिंगी स्टिकर घ्या. तिकिटं थांबतील, शेजाऱ्यांनाही कळेल की हा माणूस काल चोरून सीमा ओलांडून आलेला नाही.

"ब्रिलियंट, मेट," डॅरेन म्हणाला. मी दिवसभर खुशीत होतो.

सायली काउंटरवर आली. मास्क, मध्ये प्लास्टिकची काच. तिने स्टिकर हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

"सर, निळा नाही का मिळणार?"

"हा तात्पुरता आहे. काम तेच करतो."

"तिकीट लागणार नाही, ते ठीक आहे. पण लांबूनसुद्धा कळेल ना, मी बाहेरची आहे ते?"

"नो वरीज," मी म्हणालो. मागे रांग होती.

चौथ्या दिवशी सकाळी आमच्या इन्स्पेक्टरने फोटो आणले. एकाच रस्त्यावर तीन गाड्यांचे टायर फाडले होते. तिन्ही गाड्यांवर नारिंगी स्टिकर. शहराच्या फेसबुक ग्रुपवर कुणीतरी आमच्या स्टिकरचा फोटो टाकून लिहिलं होतं, 'हा दिसला की समजा, साथीच्या गावाहून आलेत.' याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. फक्त हात माझा होता आणि अवलक्षण दुसऱ्यांच्या वाट्याला आलं होतं.

मी स्टिकरवाल्यांना एकेक करून फोन लावायला बसलो. सायलीचा नंबर फिरवणार तेवढ्यात तिचाच फोन आला. आमचा नंबर स्टिकरवर छापलेला होता.

"दादा, मी गाडीत आहे. दोघं जण समोर उभे आहेत. हलतच नाहीयेत. एक जण व्हिडिओ काढतोय. दोनची शिफ्ट आहे माझी."

या वेळी मी मराठीतच बोललो. "दारं लॉक आहेत का? काच खाली करू नकोस. हॉर्न दाबून धर. मी पोलिसांना सांगतो."

"तो बॉनेटवर हात आपटतोय, दादा."

डॅरेनने त्याच्या फोनवरून पोलिसांना कळवलं. तिचा पत्ता अर्जावर होता, रस्ता जवळच. मी काउन्सिलचं जॅकेट घालून धावत सुटलो. हॉर्न कोपऱ्यावरूनच ऐकू येत होता. आजूबाजूच्या घरांचे पडदे हलत होते, पण बाहेर कुणी येत नव्हतं.

दोघंही साधे, माझ्याच वयाचे गृहस्थ होते. एकाच्या हातात कुत्र्याचा पट्टा. गुंड असते तर कदाचित मी कमी घाबरलो असतो.

"ही गाडी परमिटची आहे. बाजूला व्हा, तिला हॉस्पिटलला जायचंय," मी म्हणालो.

पट्टा धरलेल्याने फोनचा कॅमेरा माझ्याकडे वळवला. "आणि तू कुठला, मेट?"

"काउन्सिलचा," मी म्हणालो.

पोलिसांची गाडी आली. दोघं म्हणाले, आम्ही फक्त चौकशी करत होतो. नावं लिहून घेऊन पोलिसांनी त्यांना सोडून दिलं. सायलीला हॉर्नवरचा हात काढ म्हणून मला दोनदा सांगावं लागलं.

त्याच दुपारी मी सगळे नारिंगी स्टिकर स्वतः नखाने खरवडून काढले. डॅरेन म्हणाला, "पण नियमात रेगोचा पत्ता आहे."

"नियमाचा हेतू माणूस कुठे राहतो हे बघण्याचा आहे. भाडेकरार पुरेसा आहे. सगळ्यांना निळाच देऊ. सही तुझी लागेल."

त्याने सही केली. तिकिटं रद्द झाली. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं, हे आम्हा दोघांनाही कळलं.

काही आठवड्यांनी त्याच रस्त्यावरून तक्रार आली. एक गाडी बरेच दिवस हललेली नाही, बेवारस दिसते, उचलून न्या. मी बघायला गेलो. व्हिक्टोरियाची प्लेट, नवा निळा स्टिकर, काचेवर वाळलेली पानं. सायली युनिफॉर्ममध्ये फाटकाबाहेर पडत होती. मला बघून तिने मान हलवली, गाडीला वळसा घालून पलीकडच्या फुटपाथवर गेली आणि भराभर चालू लागली.

परमिटचा रंग सगळ्यांना एकच असावा, हे मी आता नव्या लोकांना शिकवतो. त्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये मात्र एवढंच लिहिलं: गाडी बेवारस नाही. परमिट वैध. मालकीण चालत कामाला जाते.