फुईची शेगडी

फुई गेल्याचा निरोप घेऊन धाकटा भाऊ खांडबाऱ्याला माझ्या घरी आला. "शेवटच्या दिवशी शेगडीवर हात शेकत होती," तो म्हणाला. मला खरं वाटेना. "पेटवली कुणी?" "वहिनीनं." सगळं ऐकायला मी त्याच्यासमोर बसले.

फुई म्हणजे आमची आत्या. ऐन तरुणपणी विधवा होऊन तापीकाठच्या आमच्या घरी परत आली आणि बघता बघता घरच तिनं ताब्यात घेतलं. काड्यापेटी कायम तिच्या कमरेला. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांनाही, अवेळी चहा हवा असला की तिची मनधरणी करावी लागे. एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास कापूस चांगला आला आणि दादांनी कुडाचं घर पाडून विटांचं, स्लॅबचं घर बांधलं. त्याच हिवाळ्यात मोठी वहिनी बाळंत झाली. मुलगा झाला. केळी करपून जावी अशी थंडी होती, आणि या नव्या घरात ऊब कशाची करायची यावर दोन दिवस खल चालला. रॉकेलच्या स्टोव्हला वास, लाकडांना धूर, काजळी. "लाकडं नको, नव्या भिती काया पडतीन," म्हणत फुईनं कोळशाच्या बाजूनं निकाल दिला. त्यात चूक ती काय? आम्ही सगळी भावंडं बाजेखालच्या कोळशाच्या शेगडीवरच शेकली गेलो होतो. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून तिनं काचेच्या नव्या खिडक्या घट्ट लावल्या, दाराखालच्या फटीत गोधडी कोंबली. जुन्या घरात कुडातून, कौलांतून वारा खेळत असे, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. सकाळी दार उघडलं तेव्हा वहिनी बेशुद्ध होती... बाळ गेलं होतं. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साचला, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्यानंतर फुईनं शेगडीला हात लावला नाही. थंडीत दाणे निवडता निवडता ती एकदम थांबे, कान देई आणि म्हणे, "पोऱ्या रडी ऱ्हायना." बाळ रडतंय, असं तिला ऐकू येई. मग उठून घरभरच्या खिडक्या सताड उघडी. आम्ही कुडकुडत बसायचो. मला तिचा रागही यायचा आणि भीतीही वाटायची, कारण तिच्याबरोबर कान देताना एखाद्या वेळी मलाही काहीतरी ऐकू आल्यासारखं व्हायचं. वहिनीनं तिला कधी बोल लावला नाही. पण तुमचा दोष नाही, असंही कधी म्हटलं नाही. पुढे दोन मुली झाल्या, घर भरलं, आणि तेवढ्या एका शब्दाची वाट बघत फुई म्हातारी झाली.

यंदाच्या पौषात तिनं अंथरूण धरलं. अंगात ऊब राहीना, तरी शेगडीला नकोच म्हणायची. शेवटी वहिनीनं स्वतः कोळसे फुलवून शेगडी तिच्या बाजेजवळ आणून ठेवली आणि खिडक्या उघडल्या. फुईनं विचारलं, "खिडकी उघडी शे ना?" "उघडी शे, फुई. मी आठेच बठेल शे," म्हणत वहिनी तिच्या उशाशीच बसून राहिली. तेव्हा कुठे तिनं हात पुढे केले, असं भाऊ सांगत होता.

दिवसकार्याला गेले तेव्हा संध्याकाळी मी त्या खोलीत बसले होते. बाज रिकामी, शेगडी विझलेली, बोचरा वारा आत येत होता. खिडकी लावायला मी उठले, तर वहिनीनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," ती हळूच म्हणाली. "फुईना जीव गुदमरी."